नाकाची नको, रक्ताची काळजी करा

परवा कुडव्याचे एक गृहस्थ दवाखान्यात आले. सोबत नववीत शिकणारी मुलगी होती. तिला ना ताप होता, ना खोकला. मुलगी बाहेरच्या बाकावर जाऊन बसली, तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोरगी मुक्केबाजी शिकतो म्हणते. तिची आई नाही म्हणते. नाकतोंड फुटलं तर उद्या सोयरीक कशी जुळेल? अन् पोटात मार बसला, तर पुढं लेकरं होतील का? तुम्हीच समजवा तिला."

समजूत घालायची ती मुलीची की आईवडिलांची, असा प्रश्न मला पडला. हेच प्रश्न अनेक घरांत विचारले जातात, म्हणून आज त्याविषयी लिहितो.

आधी मातृत्वाविषयी. स्त्रीचे गर्भाशय ओटीपोटात, कमरेच्या हाडांच्या कड्यात सुरक्षित असते. मुष्टियुद्धात कमरपट्ट्याखाली ठोसा मारणे नियमबाह्य आहे. गर्भवती स्त्रीला रिंगणात उतरू देत नाहीत. मणिपूरच्या मेरी कोमला २००७ साली जुळी मुले झाली आणि २००८ साली चीनमध्ये तिने जागतिक अजिंक्यपद पुन्हा जिंकले. २०१३ साली तिसरा मुलगा झाला, २०१४ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत तिने सुवर्णपदक आणले. जागतिक स्पर्धेतील तिची सुवर्णपदके सहा. शेवटचे २०१८ सालचे. ठोसे खाल्ल्याने आई होता येत नाही, हा समज या एका उदाहरणानेच निकालात निघावा.

आणि हे सारे दूर मणिपुरातच घडते असेही नाही. गोंदियाहून गाडीत बसले की अडीच तासांत नागपूर येते. त्या नागपूरची अल्फिया पठाण २०२१ साली पोलंडमध्ये ८१ किलोंवरील गटात युवा विश्वविजेती झाली. पुढल्याच वर्षी जॉर्डनमध्ये तिने मोठ्यांच्या आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक घेतले. तिचे वडील पोलीस खात्यातले. २०२२ सालीच पुण्याची देविका घोरपडे स्पेनमध्ये ५२ किलो गटात युवा विश्वविजेती झाली. आपल्यासारख्याच घरांतल्या या मुली आहेत.

पैसे घेऊन लढण्याच्या, म्हणजे व्यावसायिक मुष्टियुद्धातही स्त्रियांनी मोठी मजल मारली आहे. आयर्लंडची केटी टेलर आणि पोर्तो रिकोची अमांडा सेरानो यांची लढत ३० एप्रिल २०२२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाली. त्या नामांकित सभागृहात दोन स्त्रियांची लढत कार्यक्रमाची मुख्य लढत ठरण्याची ती पहिलीच वेळ. त्या दोघी २०२४ आणि २०२५ मध्ये पुन्हा भिडल्या. तिन्ही वेळा टेलर जिंकली. आपल्याकडे मणिपूरच्या सरिता देवीने २०१७ साली इंफाळमध्ये पहिली व्यावसायिक लढत जिंकली.

परंतु आरोग्याच्या सदरात नुसते कौतुक करून भागणार नाही. या खेळात धोका आहे, आणि तो नाकात नाही. मोडलेले नाक शस्त्रक्रियेने बहुधा नीट होते. मेंदूला बसलेला हादरा मात्र बाहेरून दिसत नाही. न्यूयॉर्कची माजी विश्वविजेती हेदर हार्डी हिला डोक्याला वारंवार बसलेल्या माराच्या परिणामांमुळे २०२४ साली हातमोजे खाली ठेवावे लागले. ऑलिंपिकमध्ये महिला मुष्टियुद्धाचे पहिले सुवर्णपदक २०१२ साली जिंकणारी इंग्लंडची निकोला अॅडम्स हिने दृष्टी गमावण्याच्या भीतीने २०१९ साली निवृत्ती पत्करली.

स्त्रियांच्या व्यावसायिक लढतीत साधारणतः दोन मिनिटांच्या जास्तीत जास्त दहा फेऱ्या असतात. पुरुषांप्रमाणे तीन मिनिटांच्या बारा फेऱ्या आम्हालाही द्या, अशी मागणी सेरानोने केली आणि २०२३ साली तशी लढतही लढली. एका जागतिक संघटनेने आरोग्याचे कारण सांगून नकार दिला, तेव्हा तिने त्या संघटनेचा किताब परत केला. समान मान मिळावा हे तिचे म्हणणे मला पटते. पण फेऱ्या वाढल्या की डोक्यावरचे ठोसेही वाढणार, हे डॉक्टर म्हणून सांगणे भाग आहे.

शाळकरी मुली खेळतात तो हौशी प्रकार. त्यात फेऱ्या कमी, डोक्याला संरक्षक टोप आणि लढत थांबवायला पंच व डॉक्टर असतात. टोपामुळे जखमा कमी होतात, मेंदूचा हादरा मात्र त्याने थांबत नाही. म्हणून एक नियम पालकांनी पाठ करावा. डोक्याला मार बसल्यावर उलटी, गुंगी, विसराळूपणा, दुहेरी दिसणे किंवा डोकेदुखी झाली, तर मुलीने त्या दिवशी पुन्हा रिंगणात उतरायचे नाही, आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत सरावही करायचा नाही. डोक्यावरच्या माराने लढत थांबवावी लागली, तर हौशी खेळात किमान ३० दिवस लढण्यास मनाई असते. "काही होत नाही, ऊठ" असे म्हणणारा प्रशिक्षक कितीही नावाजलेला असो, त्याच्याकडे मुलीला ठेवू नये.

दुसरा धोका वजनाचा. खालच्या गटात खेळता यावे म्हणून मुली उपाशी राहतात, पाणी तोडतात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली कुस्तीगीर विनेश फोगट अवघ्या १०० ग्रॅमने अपात्र ठरली. रात्रभर वजन उतरवण्याच्या खटपटीत तिच्या शरीरातले पाणी इतके कमी झाले की उपचार द्यावे लागले. मुष्टियुद्धातही वजनाचे गट आहेत, तेव्हा हाच मोह तिथेही आहे. वाढत्या वयात पोट मारल्यास पाळी बंद पडते आणि हाडे ठिसूळ होतात. मुलगी ज्या वजनाची आहे, त्याच गटात तिने खेळावे.

तिसरी गोष्ट आपल्या भागाची, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी. देशात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. दम लागतो, पाय दुखतात, अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि घरचे म्हणतात पोरगी आळशी आहे. शिवाय आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. सिकलसेलचा रुग्ण असलेल्या मुलीने हा खेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नये. जी केवळ वाहक आहे ती खेळू शकते. पण तिने भरपूर पाणी प्यावे, व्यायाम हळूहळू वाढवावा आणि मे महिन्याच्या उन्हात सराव टाळावा. मांड्या फार दुखू लागल्या किंवा दम कोंडला, तर तिथेच थांबावे. सिकलसेलची प्राथमिक तपासणी आरोग्य केंद्रात होते. ती न करता मुलीला मैदानात पाठवणे मला धोक्याचे वाटते, मग खेळ मुष्टियुद्ध असो वा कबड्डी.

रक्त वाढवायला महागडे डबे लागत नाहीत. भातासोबत डाळ, शेवग्याची भाजी, अंडी, बोडीतली मासोळी आणि पानात लिंबाची फोड असावी. जेवणाला लागून चहा घेऊ नये. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी खिडकीतून फेकायची नाही, गिळायची. सिकलसेलच्या रुग्णाने मात्र ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. आणि घरात अंडे एकच असेल, तर ते नेहमी मुलाच्याच ताटात का पडते, याचा विचार आयांनी आणि बापांनीही करावा.

त्या मुलीला मी आत बोलावले आणि रक्त तपासून यायला सांगितले. दोन दिवसांनी कागद आला. सिकलसेल नव्हते, पण हिमोग्लोबिन बाराच्या बरेच खाली होते. वडिलांचा चेहरा उजळला. "म्हणजे नाहीच ना जमणार?" मी म्हटले, "भाऊ, मुक्केबाजी नाही शिकली तरी हे रक्त कमीच राहणार आहे. संसार काय, बाळंतपण काय, त्यालाही हेच रक्त लागेल. आधी तीन महिने औषध आणि नीट जेवण. मग पुन्हा तपासू आणि पाठवू."

ते काही बोलले नाहीत. मुलीने मात्र विचारले, "तीन महिन्यांची तारीख आजपासूनच धरायची ना?"