रील मराठीत बोलेल, पण कोणत्या मराठीत?

इन्स्टाग्रामच्या नव्या टूल्समध्ये मराठी आली, ही आनंदाची बातमी. पण भंडाऱ्याच्या पोरापोरींनी टाळ्या वाजवण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा.

शहापूरच्या एखाद्या पोराने महामार्गाच्या कडेला उभं राहून मोबाइलसमोर चार वाक्यं बोलली आणि ती त्याच्याच आवाजात, ओठांच्या हालचालीसकट दुसऱ्या भाषेत ऐकू आली, तर? काही वर्षांपूर्वी ही थाप वाटली असती. आता ते इन्स्टाग्रामचं एक फीचर आहे.

मेटा कंपनीने ऑगस्ट 2025 मध्ये रील्ससाठी एआय डबिंग सुरू केलं. सुरुवातीला फक्त इंग्रजी आणि स्पॅनिश होतं. ऑक्टोबरमध्ये हिंदी आणि पोर्तुगीज आल्या. नोव्हेंबरमध्ये कंपनीने भारतासाठी आणखी पाच भाषा जाहीर केल्या: बंगाली, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मराठी. सोबत ‘एडिट्स’ या व्हिडिओ एडिटिंग अ‍ॅपमध्ये देवनागरी फॉन्टही देण्याचं जाहीर केलं. म्हणजे ‘मराठी’ असं इंग्रजी अक्षरांत लिहिण्याची किंवा दुसऱ्या अ‍ॅपमधून अक्षरं आणून चिकटवण्याची कटकट कमी होणार.

दोन्ही टूल्स एकाच वेळी आली, म्हणून आपण ती एकाच नजरेने बघतो. पण त्यांच्यात मोठा फरक आहे. फॉन्ट तुम्हाला विचारत नाही की तुमची मराठी कोणती. तुम्ही ‘डोळा’ लिहा नाहीतर ‘डोरा’ लिहा, तो निमूटपणे अक्षरं उमटवतो. डबिंगचं तसं नाही. त्याला आधी तुमचं बोलणं समजावं लागतं. आणि आपला खरा प्रश्न इथूनच सुरू होतो.

मशीन ऐकतं कसं?

एआय डबिंगची ढोबळ पद्धत साधी आहे. आधी मशीन तुमचा आवाज ऐकून त्याचे शब्द करतं. मग त्या शब्दांचं भाषांतर करतं. मग ते भाषांतर तुमच्या आवाजासारख्या आवाजात बोलतं. शेवटी हवं असेल तर ओठांची हालचाल जुळवतं. यात पहिल्याच पायरीला चूक झाली, तर पुढचं सगळं तेवढ्याच आत्मविश्वासाने चुकतं. आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही, कारण आवाज तर तुमचाच असतो.

आता आपल्याकडचं बोलणं बघा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा झाडीपट्टीचा भाग. झाडीबोलीत ‘ळ’ नाही, तिथे ‘र’ येतो. ‘ण’ नाही, तिथे ‘न’ येतो. डोळ्याचा डोरा होतो, पाण्याचं पानी. मशीनच्या कानाला ‘डोरा’ हा ‘दोरा’ वाटला, तर डोळे दुखण्याचं काय भाषांतर होईल, ते तुम्हीच ठरवा.

दुसरं उदाहरण व्याकरणाचं. आपल्याकडे ‘तो वावरात जाते’ असं सर्रास म्हणतात. पुस्तकी मराठीत ‘जातो’ पुरुषाचं आणि ‘जाते’ बाईचं. बोलताना आपण ‘तो’ गाळतो. ‘भाऊ कुठं गेला?’ म्हटलं की उत्तर येतं, ‘वावरात जाते म्हने.’ पुस्तकी मराठीवर शिकलेलं मशीन इथे भाऊची बहीण करू शकतं. इंग्रजीत तर ‘ही’ की ‘शी’ हे ठरवावंच लागतं. तिथे अंदाज चुकला की अख्खी गोष्ट बदलली.

हसण्यावारी नेण्यासारखं आहे का? विनोदी रील असेल तर चालेल. पण धानाच्या रोगावर बोलणारा शेतकरी, औषधाचा डोस सांगणारी आशाताई, गावातल्या पाण्याच्या टाकीबद्दल तक्रार करणारी मुलगी यांच्या रीलचं काय? तिथे एक शब्द चुकला तरी नुकसान खरं असतं.

बोली फक्त विनोदाला?

या सगळ्याला एक जुनी पार्श्वभूमी आहे. बोलीला स्टेजवर जागा मिळते, पण बहुतेक वेळा हसवण्यासाठी. नायक-नायिका ‘शुद्ध’ बोलतात आणि गावाकडचं बोलणं विनोदी पात्राच्या तोंडी येतं. रील्सवरही विदर्भाच्या बोलीचं तेच होतं. आपली भाषा ऐकून लोक हसतात, व्ह्यूज येतात, आणि हळूहळू आपल्यालाच वाटायला लागतं की या भाषेत गंभीर काही बोलताच येत नाही.

हा समज खोटा आहे, याचे पुरावे आपल्या भागातच आहेत. साकोलीचे अभ्यासक हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा शब्दकोश तयार केला, तिच्या साहित्याची चळवळ उभी केली. झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात आणि रात्ररात्र चालतात. देसाईगंज म्हणजे वडसा हे त्यांचं मुख्य ठाणं. याच रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. कुठल्याही अल्गोरिदमची मदत नसताना हा प्रेक्षक टिकून आहे.

आणि बोलीतलं गंभीर काम जगभर पोहोचू शकतं, हे 2016 च्या ‘सैराट’ने दाखवलं. करमाळ्याकडची भाषा जशीच्या तशी ठेवली आणि अख्ख्या महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. दोन वर्षांनी त्याच गोष्टीवर हिंदीत ‘धडक’ आला. गोष्ट तीच होती, पण ती राजस्थानात गेली आणि मूळ भाषेचा खडबडीतपणा निघून गेला. माझ्या मते एआय डबिंगचा धोका हाच आहे. रोज लाखो छोट्या ‘सैराट’चे लाखो छोटे ‘धडक’ होतील.

खरी भीती वेगळीच

मशीन चुकेल, ही भीती फार मोठी नाही. मशीन सुधारत जातं. मोठी भीती ही आहे की मशीन सुधारायच्या आधी आपणच सुधारू. म्हणजे डबिंग नीट व्हावं म्हणून क्रिएटर स्वतःच पुस्तकी बोलायला लागेल. ‘डोरा’ म्हटलं की भाषांतर बिघडतं आणि ‘डोळा’ म्हटलं की नीट होतं, हे दोनदा कळलं की तिसऱ्यांदा कोण ‘डोरा’ म्हणेल? कोणी सक्ती करणार नाही, कोणी हसणारही नाही. फक्त जास्त व्ह्यूजच्या हिशेबात एक एक शब्द गळत जाईल.

आपल्यातल्या अनेकांना हे नवीन नाही. शहापुरात इंजिनीअरिंग कॉलेज आहे, बाजूला जवाहरनगरची आयुध निर्माणी आहे. घरी एक भाषा, वर्गात दुसरी, मित्रांत हिंदी असं आपण रोज करतो. पुण्याला शिकायला गेलेली पोरं पहिल्या महिन्यातच ‘जाते’चं ‘जातो’ करतात. फरक एवढाच की आधी हे गाव सोडल्यावर व्हायचं. आता गावात बसून, हातातल्या मोबाइलसमोर होईल.

मग टूल वापरूच नये का? तसं अजिबात नाही. 2011 च्या जनगणनेत 8 कोटी 30 लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली होती, तरी मोठ्या टेक कंपन्यांच्या यादीत मराठी बहुतेकदा हिंदीनंतर येते. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पण दर्जाने मोबाइलमध्ये भाषा येत नाही. ती वापराने येते. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांवरची रील कन्नड किंवा तमिळ प्रेक्षकाला कळली, तर त्यात आपला फायदाच आहे. फक्त टूल आपल्या अटींवर वापरायचं.

आपण काय करू शकतो?

पहिलं, डबिंग आपोआप जाऊ देऊ नका. भाषांतर पोस्ट होण्याआधी तपासायची सोय इन्स्टाग्रामवर आहे, ती सुरू ठेवा. तुम्हाला येणाऱ्या भाषेतलं डबिंग तरी ऐकूनच मंजूर करा. विषय आरोग्याचा, शेतीचा किंवा पैशाचा असेल तर नक्कीच.

दुसरं, कॅप्शन स्वतः लिहा. फॉन्ट आता हाताशी आहे. वर बोलीतलं वाक्य, खाली पुस्तकी मराठी, असं दिलं तर पुण्या-मुंबईचा प्रेक्षकही समजून घेतो आणि तुमचा शब्दही टिकतो.

तिसरं, तुमचं फेसबुक पेज असेल तर मेटाने स्वतः रेकॉर्ड केलेले ऑडिओ ट्रॅक जोडायची सोय दिली आहे, एका रीलला 20 पर्यंत. हिंदी चांगली येणारी मैत्रीण असेल तर तिचा आवाज कोणत्याही एआयपेक्षा भरवशाचा.

चौथं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: मशीनला आपली बोली शिकवा. मोझिला फाउंडेशनच्या ‘कॉमन व्हॉइस’ प्रकल्पात मराठी आहे, आणि कुणीही वाक्यं वाचून आपला आवाज देऊ शकतो. बंगळुरूची आयआयएससी संस्था आणि गुगल यांचा ‘वाणी’ प्रकल्प तर भाषेपेक्षा जिल्हा धरून आवाज गोळा करतो, कारण बोली जिल्ह्यागणिक बदलते हे त्यांना ठाऊक आहे. केंद्र सरकारची ‘भाषिणी’ही 2022 पासून भारतीय भाषांसाठी काम करते. मशीन ज्यांचं बोलणं ऐकतं, त्यांचंच बोलणं त्याला कळतं. आपण गप्प राहिलो तर ‘मराठी’ म्हणजे काय, हे आपल्याशिवाय ठरेल.

शेवटी एक आठवण असू द्या. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि गावोगावच्या क्रिएटर्सचे फॉलोअर्स एका रात्रीत गेले. पुढच्याच महिन्यात भारतात इन्स्टाग्राम रील्स आलं. अ‍ॅप बदललं, पण ज्यांच्या बोलण्यात दम होता त्यांना नवीन अ‍ॅपवरही सुरुवात करता आली, कारण ते बोलणं कंपनीच्या मालकीचं नव्हतं. उद्या हे फीचरही बदलेल. त्याच्या नादात ‘डोरा’ मात्र घालवू नका जी.