दहा वेळा लिहून आणा!



आमच्या शेजारी चौथीत शिकणारा एक मुलगा राहतो. एके दिवशी संध्याकाळी तो ओट्यावर वही पसरून गृहपाठ करीत बसला होता. सहज डोकावून पाहिले, तर त्याच्या लिहिण्याची तऱ्हा काही निराळीच दिसली. पानाच्या डाव्या कडेला त्याने 'सूर्याच्या' हा शब्द एकाखाली एक असा दहा वेळा लिहिला होता. त्याच्या शेजारी 'उष्णतेमुळे' हा शब्द, तोही वरून खाली दहा वेळा. आता 'पाण्याची' हा शब्द लिहिणे चालू होते.

"हे काय रे?" मी विचारले.

"बाईंनी उत्तर दहा वेळा लिहून आणायला सांगितलंय, काका. असं लिहिलं की लवकर होतं."

लवकर होते हे अगदी खरे. पण या पद्धतीने 'सूर्याच्या उष्णतेमुळे पाण्याची वाफ होते' हे वाक्य त्याने दहा वेळा लिहिले, तरी एकदाही वाचले नव्हते! मी त्याला वही मिटायला सांगितली आणि विचारले, "पाण्याची वाफ कशामुळे होते?" तो म्हणाला, "वहीत आहे की!" मग मी दोरीवर वाळत घातलेल्या चादरीकडे बोट दाखवले. "ती चादर कशी वाळते?" आता मात्र तो चटकन म्हणाला, "वाऱ्यानं. काल वारा पडला होता, तर दुपारपर्यंत ओलीच होती."

पाहा बरे! बाष्पीभवन वाऱ्यावरही अवलंबून असते, ही गोष्ट या मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी टिपली होती. त्याच्या वहीत ती नव्हती, आणि वहीत जे होते ते त्याच्या डोक्यात नव्हते. या दोहोंची गाठ घालून देणे हेच खरे तर गृहपाठाचे काम. ते सोडून गृहपाठ भलतेच काम करीत बसला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे आज तुमच्यापुढे मांडतो. पटले नाही तर अवश्य खोडून काढा. पण त्यासाठी शेवटी दिलेला प्रयोग मात्र करून पाहिला पाहिजे.

प्रथम थोडा हिशेब करू. एका धड्याची पाच उत्तरे, प्रत्येक उत्तर तीन ओळींचे, प्रत्येक दहा वेळा. म्हणजे एका मुलाच्या १५० ओळी झाल्या. वर्गात ३५ मुले धरली, तर शिक्षकांपुढे ५,२५० ओळी येऊन पडतात. त्या कोण वाचणार? म्हणून लाल पेनाने एक बरोबरची खूण आणि खाली सही. मुलाने न वाचता लिहिले, शिक्षकांनी न वाचता तपासले. दोघेही दमले, आणि शिकणे झालेच नाही. यात मुलाचा दोष नाही व शिक्षकांचाही नाही. दोष त्या कामाच्या स्वरूपातच आहे.

आता प्रश्न असा, की शिकलेली गोष्ट डोक्यात टिकते तरी कशी? या प्रश्नाचा प्रयोगाने अभ्यास करणाऱ्या पहिल्या काही शास्त्रज्ञांत हरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाचे नाव घ्यावे लागते. त्याने स्वतःलाच प्रयोगाचा विषय केले. ओळखीचे शब्द घेतले तर आधीची माहिती मध्ये लुडबुड करणार, म्हणून त्याने सुमारे २,३०० अर्थहीन अक्षरगट तयार केले. त्यांच्या याद्या तो पाठ करी, ठरावीक वेळ जाऊ देई, आणि तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो हे घड्याळ लावून मोजी. जितका वेळ वाचला तितके स्मरणात उरले, असा त्याचा हिशेब. १८८५ साली त्याने आपले निष्कर्ष पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. वीस मिनिटांनंतर वेळेची बचत होती सुमारे ५८ टक्के, एका तासानंतर ४४ टक्के, एका दिवसानंतर ३४ टक्के, सहा दिवसांनंतर २५ टक्के आणि एका महिन्यानंतर २१ टक्के. म्हणजे विस्मरणाचा वेग सुरुवातीला फार मोठा असतो आणि पुढे तो मंदावत जातो.

अर्थात ही आकडेवारी एकाच माणसाची, आणि तीही निरर्थक अक्षरांची आहे. अर्थ समजून शिकलेली गोष्ट यापेक्षा बरीच जास्त टिकते. परंतु एबिंगहाउसला आणखी एक गोष्ट आढळली, ती आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. एकाच दिवशी लागोपाठ ६८ वेळा म्हटल्याने जे साधले, ते तीन दिवसांत विभागून केवळ ३८ वेळा म्हटल्यानेही साधले. श्रम जवळजवळ निम्मे, फळ तेवढेच! पुढे अनेकांनी निरनिराळ्या वयाच्या माणसांवर असे प्रयोग केले, तेव्हाही विभागून केलेला अभ्यास सरस ठरला. एका रात्रीत दहा वेळा लिहिण्यापेक्षा चार निरनिराळ्या दिवशी एकेकदा आठवणे चांगले, ते या कारणाने.

मी 'आठवणे' म्हटले, 'लिहिणे' म्हटले नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. आईचे बोट धरून दहा वेळा बाजारात गेलेले मूल एकटे पाठवले की वाट चुकते. एकदोनदा स्वतः वाट शोधीत गेलेले मूल चुकत नाही. पुस्तकात पाहून उतरवून काढणे हे बोट धरून चालणे झाले. पुस्तक मिटून आठवणे म्हणजे स्वतः वाट शोधणे.

ही नुसती उपमा नव्हे. अमेरिकेतील आयोवा राज्यात स्पिट्झर या संशोधकाने प्राथमिक शाळांतील सहावीच्या ३,६०५ मुलांवर एक मोठा प्रयोग केला. १९३९ साली तो प्रसिद्ध झाला. मुलांना एक माहितीपर उतारा वाचायला दिला. काही गटांची लगेच चाचणी घेतली, काहींची काही दिवसांनी आणि काहींची काही आठवड्यांनी. वाचल्याबरोबर ज्यांना आठवावे लागले होते, त्यांच्या लक्षात तो मजकूर पुढेही चांगला राहिला. ज्यांची पहिली चाचणीच काही आठवड्यांनी झाली, ते तोवर बरेच काही विसरून गेले होते.

२००६ साली रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर असाच प्रयोग केला. एका गटाने उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्या गटाने एकदा अभ्यासला आणि नंतर तीन वेळा, उतारा न पाहता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पहिला गट पुढे होता, ८३ टक्के विरुद्ध ७१ टक्के. पण एका आठवड्यानंतर पारडे फिरले. पहिल्या गटाला ४० टक्के आठवले, तर दुसऱ्याला ६१ टक्के. गंमत अशी, की आपल्याला जास्त आठवेल अशी खात्री पहिल्या गटालाच अधिक वाटत होती! पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो, आणि ओळखीचे ते आपल्याला येते असा आपला गैरसमज होतो. परीक्षेच्या आदल्या रात्री तुमचाही असा समज होतो की नाही, ते आठवून पाहा.

हे सारे ऐकून तुमच्या आजीआजोबांना कदाचित हसू येईल. त्यांच्या लहानपणी दिवेलागणीला घरोघरी परवचा म्हणण्याची पद्धत होती. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी! हातात पुस्तक नसे. थोडाच वेळ, पण रोज. कोठे चुकले तर घरातले वडीलधारे माणूस तिथल्या तिथे दुरुस्त करी. रोज विभागून, न पाहता आणि चूक लगेच सुधारून शिकणे, हे प्रयोगांतून सिद्ध झालेले तीनही गुण परवच्यात होते. त्याचा दोषही सांगायला हवा. कित्येक मुले अर्थ न कळता पावकी घोकीत असत. तेव्हा जुने ते सारेच सोने असे मला म्हणायचे नाही. त्यातली रीत घ्यावी आणि तिला अर्थाची जोड द्यावी, एवढेच.

ही रीत शाळेच्या आठवड्यात कशी बसवता येईल? शिक्षक बंधुभगिनींनो, माझी सूचना साधी आहे. सोमवारी धडा शिकवून झाला, की तास संपण्यापूर्वी पाच मिनिटे पुस्तके मिटायला सांगावीत आणि तीन प्रश्न विचारावेत. त्या दिवशीचा गृहपाठ एवढाच, की घरी पुस्तक न उघडता धड्यातले आठवेल ते चार ओळींत लिहायचे, मग पुस्तक उघडून दुसऱ्या रंगाच्या पेनाने आपल्या चुका आपणच दुरुस्त करायच्या. मंगळवारी तासाच्या आरंभी सोमवारचे दोन प्रश्न. गुरुवारी पुन्हा दोन. शनिवारी आठवड्याभरातल्या साऱ्या विषयांचे सरमिसळ आठ-दहा प्रश्न, आणि त्यात एखादा मागच्या महिन्यातला. याला गुण द्यायचे नाहीत. हे वजन करणे नव्हे, हे जेवण आहे! मुलाला धाक वाटला, तर ते शेजाऱ्याच्या वहीत डोकावेल आणि आठवण्याचा व्यायाम चुकवील.

आणि आठवड्यातून एकदा घरीच करायची एखादी पाहणी द्यावी. दोन सारखे हातरुमाल सारखेच भिजवून एक उन्हात व एक सावलीत वाळत घाला आणि कोणता किती वेळात वाळतो ते लिहून आणा. याचे उत्तर कोणालाही दहा वेळा उतरवून काढता येणार नाही, कारण ते आधी कोठे लिहिलेलेच नसते.

माझे हे म्हणणे अगदी नवे आहे असेही नाही. प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ सालीच अशी शिफारस केली होती, की प्राथमिक वर्गांतील मुलांना, घरच्या परिसरातील शोधक पाहणी वगळता, गृहपाठ देऊ नये. केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, असे सांगितले आहे. लक्षात घ्या, दिवसाला नव्हे, आठवड्याला! अमेरिकेतील हॅरिस कूपर यांनी गृहपाठावरील अनेक वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा वरच्या वर्गांत गृहपाठाचा प्रगतीशी बऱ्यापैकी संबंध दिसला, पण लहान मुलांच्या बाबतीत तो अगदीच क्षीण होता. अर्थात यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. ज्या लहान मुलाला अभ्यास जड जातो, त्याला गृहपाठाला वेळही जास्त लागतो, हेही एक कारण असू शकते.

आता तुम्ही म्हणाल, लिहिल्याशिवाय अक्षर कसे सुधारेल? खरे आहे. अक्षरासाठी रोज पाच ओळी जरूर लिहाव्यात, पण सावकाश, वळणाकडे लक्ष देऊन. दहा वेळा भराभर लिहिल्याने अक्षर बिघडतेच. पालक म्हणतील, गृहपाठ नसेल तर मूल अभ्यासाला बसणार कसे? त्यांना मी विचारतो, की पाने भरणे म्हणजे अभ्यास, हे त्याला शिकवले कोणी?

याहून गंभीर गोष्ट दुसरीच आहे. एखाद्या मुलीची आई दिवेलागणीनंतर कामावरून परत येते. घरात समजावून सांगणारे कोणी नसते, धाकट्या भावाला तीच सांभाळते. तिचा दीडशे ओळींचा गृहपाठ पुरा होत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी ती वर्गाबाहेर उभी राहते, आणि उभी राहिल्याने त्या दिवशीचा पाठही बुडतो. आठवून लिहायच्या चार ओळी मात्र ती चुलीपाशी बसूनही लिहू शकेल. त्यासाठी शिकवणी लागत नाही की शिकलेले पालक लागत नाहीत. ज्या गृहपाठाने घरी मदत असलेली मुले पुढे जातात आणि नसलेली मागे पडतात, तो शाळेने द्यावा तरी कशाला?

असो. आता तो प्रयोग. घरातल्या किंवा शेजारच्या तिसरी-चौथीतल्या मुलासाठी त्याला माहीत नसलेले सोळा शब्द अर्थासह निवडा. चिठ्ठ्या टाकून आठ-आठ शब्दांचे दोन गट करा. पहिल्या दिवशी सगळे शब्द एकदा समजावून सांगा. मग सोमवारी, मंगळवारी व गुरुवारी पहिल्या गटातले शब्द आणि अर्थ पाहून लिहायला लावा. दुसऱ्या गटातले मात्र अर्थ झाकून, आठवून लिहायला लावा, आणि लगेच बरोबर अर्थ दाखवा. दोन्हीला पाच-पाच मिनिटेच द्या. कोणता गट आधी घ्यायचा तो क्रम दर वेळी बदला. पुढच्या गुरुवारी सोळाही शब्दांचे अर्थ विचारा आणि दोन्ही गटांचे गुण मांडा. दिवस तेच, वेळ तेवढाच, मूल तेच. बदलली फक्त एक गोष्ट. प्रयोग असाच करायचा असतो. एका मुलावरून काही सिद्ध होत नाही, म्हणून तुमच्या वर्गातल्या वीस-पंचवीस जणांनी मिळून तो करावा आणि आकडे एकत्र करावेत. ते माझ्या मताविरुद्ध गेले, तर बेधडक तसे सांगावे.

आणि माझ्या बाजूने गेले, तर तो तक्ता आपल्या शाळेतल्या बाईंना किंवा गुरुजींना नेऊन दाखवा. चौथीतल्या मुलाचे कोणी ऐकत नाही. पण नीट केलेल्या प्रयोगाचा तक्ता घेऊन नववीतले वीस जण पुढे उभे राहिले, तर कोणत्याही शिक्षकाला तो पाहावासा वाटेल.