रंग म्हणजे सजावट नव्हे

युद्धकलेच्या चित्रपटांविषयी एक शेरा इतका रूढ झाला आहे, की तो चित्रपट पाहण्याआधीच तयार असतो: 'डोळ्यांचे पारणे फिटते, पण कथेत दम नाही.' झांग यिमौ यांच्या 'हीरो'ला (२००२) तो फार चिकटला. आमचा त्याला विरोध आहे, पण तो चित्रपटाच्या बचावासाठी नव्हे.

छिनच्या राजासमोर दहा पावलांवर बसलेला एक अनाम योद्धा राजाच्या तीन शत्रूंना आपण कसे मारले ते सांगतो; राजा ते खोटे ठरवून स्वतःचा तर्क मांडतो; मग खरे काय ते बाहेर येते. छायालेखक ख्रिस्तोफर डॉइल यांनी पहिले कथन तांबड्यात, राजाचा तर्क निळ्यात आणि सत्य पांढऱ्यात टिपले. जुन्या आठवणी हिरव्या. म्हणजे निवेदन बदलल्याची खूण रंगच देतो. तांबड्यातली माणसे मत्सराने पेटलेली आहेत, कारण सांगणाऱ्याला ती तशी हवी आहेत. निळ्यात तीच माणसे उदात्त होतात, कारण राजाला शत्रूही आपल्या तोलाचे हवेत. अविश्वसनीय निवेदकावर पानेच्या पाने टिपणे काढणाऱ्याने हे पाहून 'नुसती चित्रे' म्हणावे, याचे आम्हांला नवल वाटते. (याच दिग्दर्शकाच्या 'हाउस ऑफ फ्लाइंग डॅगर्स'बाबत, २००४, तो शेरा आम्ही खुशाल मान्य करू. तिथे द्वंद्व चालू असता ऋतू बदलतो. कथेत काहीच बदलत नाही.)

खरे भांडण वेगळ्याच जागी आहे. 'तलवार' हे अक्षर एकोणीस प्रकारे लिहिले जाते याचा राजाला त्रास होतो. जिंकल्यावर तो एकच प्रकार ठेवणार आहे. उलट झाओ राज्यातल्या लेखनशाळेवर छिनच्या बाणांचा पाऊस पडत असता वृद्ध गुरू शिष्यांना लिहीत राहायला सांगतो. एवढे दाखवूनही चित्रपट झुकतो तो राजाकडेच. वाळूत लिहिलेल्या दोन अक्षरांसाठी, 'आकाशाखालचे सारे', अनाम योद्धा वार करण्याचे टाळतो. इतिहासात इ. स. पू. २२१ मध्ये एकीकरण झाले, लिपी एक झाली, आणि इ. स. पू. २१३ मध्ये ग्रंथ जाळण्याचा हुकूम निघाला. अखेरच्या पाट्यांत एकीकरण आहे, महाभिंत आहे, ग्रंथदहन नाही.

ही संमती आपल्याकडून संवादांनी नव्हे, कॅमेऱ्याने काढून घेतली आहे. काळ्या चिलखतांचे ते शिस्तबद्ध समुद्र पाहताना कोणाच्या मनात विरोध येतो? आशय एकीकडे, अभिव्यक्ती दुसरीकडे अशी वाटणी केली, की छायालेखकाला शाबासकी मिळते, पटकथाकाराला दोष मिळतो आणि राजा बिनचौकशी सुटतो.

शेवटी बाणांनी भरलेल्या भिंतीवर माणसाच्या आकाराची रिकामी जागा उरते. ते दृश्य देखणे आहे, यात शंका नाही. ते इतके देखणे कोणासाठी केले, हे वर्गात एकदा विचारले जावे.