पुंगळी काढणाऱ्या हातांसाठी एक मानक हवे
एआरएआयला खुले पत्र

प्रति,
संचालक,
ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया,
कोथरूड, पुणे

महोदय,

मोटारसायकलच्या सायलेन्सरबद्दल महाराष्ट्रात तक्रार करायची झाली की लोक पोलीस चौकीत जातात, नाहीतर आरटीओला अर्ज करतात. आपल्या संस्थेकडे कोणी येत नाही. वेताळ टेकडीला एआरएआयची टेकडी म्हणणाऱ्या पुणेकरांनाही टेकडीवरच्या आवारात नेमके काय चालते, हे फारसे ठाऊक नसते. देशात विकल्या जाणाऱ्या कितीतरी वाहनांचा धूर आणि आवाज १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत तपासला जातो. ऑटोमोटिव्ह इंडस्ट्री स्टँडर्ड, म्हणजे एआयएस नावाने ओळखली जाणारी मानके जी समिती ठरवते, तिचे सचिवालयही आपल्याकडेच आहे. म्हणून हे पत्र आपल्याला.

कोल्हापूरचे उद्यमनगर घ्या किंवा पुण्याची नाना पेठ. तिथे सायलेन्सरवर काम करणारी पोरे हाताने कसबी आहेत. टिगच्या वेल्डिंगची शिवण इतकी सफाईदार घालतात की सांधा शोधावा लागतो. बेंड पाइप वाकवताना नळी आत दबू नये म्हणून त्यात वाळू ठासून भरायची, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाने शिकवलेले नाही. या हातांना गुन्हेगार ठरवून प्रश्न सुटत नाही. पण त्यांनी केलेल्या कामामुळे रात्री दीड वाजता एखाद्या गल्लीतले तान्हे मूल दचकून उठते, हेही तितकेच खरे आहे.

गोष्ट सुरू होते पुंगळीपासून. यामाहा आरएक्स १००, राजदूत, येझदी या टू-स्ट्रोक गाड्यांमध्ये पेट्रोलबरोबर ऑइल जळायचे आणि त्याचा चिकट कार्बन सायलेन्सरमध्ये साचायचा. तो खरवडता यावा म्हणून आतली छिद्रांची नळी एका छोट्या बोल्टवर बसवलेली असे. बोल्ट काढा, पुंगळी ओढा, साफ करा, परत बसवा. ही देखभालीची सोय होती. ती परत न बसवता गाडी पळवली की आवाज फाटतो, हे पोरांच्या लवकरच लक्षात आले. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, हा समजही तेव्हाच रुजला. आज टू-स्ट्रोक गाड्या हौशी लोकांकडेच उरल्या आहेत, पण तो समज बुलेट, पल्सर, केटीएमपर्यंत जसाच्या तसा चालत आला आहे.

टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरमधून ताकद खरोखर कशी निघते, हे पूर्व जर्मनीतल्या चोपाऊ गावी एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले. त्यांचा एक्स्पान्शन चेंबर आधी रुंद होत जातो आणि मग अरुंद. धुराची लाट रुंद होणाऱ्या शंकूत शिरते तेव्हा मागे ओढ निर्माण होते आणि सिलिंडरमधला उरलेला धूर खेचला जातो. लाट पुढच्या अरुंद शंकूवर आदळते तेव्हा दाब उलटा परततो आणि बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलतो. सगळ्यात शेवटची बारीक नळी, स्टिंगर, चेंबरमधला दाब राखते. ती प्रमाणाबाहेर मोठी केली की ताकद जाते, फार लहान केली की इंजिन तापते. १९६१ मध्ये काडेन यांच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरमागे २००. त्याच वर्षी त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर ही विद्या घेऊन पश्चिमेकडे पळाला आणि १९६२ मध्ये सुझुकीला ५० सीसीचे जगज्जेतेपद मिळवून दिले. एका सायलेन्सरच्या मापांसाठी एवढे घडले. ती मापे मिलिमीटरमध्ये होती आणि त्यातली कुठलीही ‘मोकळे करा’ अशी नव्हती.

फोर-स्ट्रोकमध्येही खेळ लाटांचाच आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाची लाट नळीतून निघते. तापलेल्या धुरात तिचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास असतो. नळीच्या उघड्या टोकापर्यंत पोहोचली की ती ओढीच्या रूपात मागे फिरते. नळी १ मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन सुमारे ४ मिलिसेकंद लागतात, आणि इंजिन ५००० फेऱ्यांवर असेल तर तेवढ्या वेळात क्रँक १२० अंश फिरते. ही ओढ दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतानाच्या क्षणी पोहोचली तर ताजी हवा आत खेचली जाते. वेळ चुकली तर काहीच मिळत नाही, किंवा उलट नुकसान होते. नळीची लांबी बदला, व्यास बदला, गणित बदलते. गॅरेजमध्ये ऐकू येणारे ‘इंजिनला बॅक प्रेशर लागते’ हे वाक्य त्यामुळे अर्धवट आहे. इंजिनला धुराचा वेग लागतो आणि वेळेवर परतणारी लाट लागते. जाड नळी बसवली की धूर मंदावतो आणि खालच्या फेऱ्यांतला टॉर्क जातो. रोज सिग्नलवरून सुटणाऱ्या गाडीला नेमका तोच टॉर्क हवा असतो.

घरच्या घरी काय केले जाते? मागचा भाग ग्राइंडरने कापून आतले कप्पे काढतात. ग्लासवूल उपसतात. कप्प्यांच्या पत्र्यांना ड्रिलने भोके पाडतात. जुन्या ३५० सीसी बुलेटचा, ७० मिलिमीटर बोअर आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकचा तो संथ ठेका अनेकांना मनापासून आवडतो. ९०० फेऱ्यांच्या आयडलला सेकंदाला साडेसात स्फोट, आणि जड फ्लायव्हील त्यांना सुटे सुटे ऐकू देते. ही आवड खोटी नाही. पण कप्पे काढले की तो ठेका खोल होत नाही, फक्त कर्कश होतो, कारण वरच्या पट्टीचे आवाज गिळायचे काम तेच कप्पे आणि ग्लासवूल करत असतात. कार्ब्युरेटरच्या गाडीत धुराची वाट मोकळी केली आणि मेन जेट तोच ठेवला, तर मिश्रण पातळ होते. स्पार्क प्लग पांढरा पडतो, इंजिन तापते, थ्रॉटल सोडला की सायलेन्सर फटफटतो. पोरे त्या फटफटण्यावर खूश होतात. खरे तर इंजिन तिथे उपाशी असल्याचे सांगत असते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आले आणि हे काम आणखी महाग झाले. आता बेंड पाइपमध्ये किंवा सायलेन्सरच्या पोटात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारखे धातू असतात. कार्बन मोनॉक्साइड किलोमीटरला १ ग्रॅमच्या आत ठेवण्याची अट त्याच्याच भरवशावर पाळली जाते. तो कापून फेकला की कागदावरची बीएस ६ गाडी रस्त्यावर तशी राहत नाही. ऑक्सिजन सेन्सर सगळे सांभाळून घेईल, असे अनेकांना वाटते. सेन्सर संथ चालीत इंधन जुळवतो. थ्रॉटल पूर्ण उघडला की ईसीयू त्याचे ऐकत नाही, कारखान्यात भरलेल्या तक्त्यावरून पेट्रोल सोडतो. म्हणजे ज्या वेगासाठी खटाटोप केला, तिथेच गाडी नव्या सायलेन्सरला अनोळखी असते.

आणि बुलेटचे फटाके. धावत्या गाडीचा किल स्विच बंद करायचा, थ्रॉटल पिळायचा, न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये साचू द्यायचे आणि स्विच चालू करायचा. तापल्या नळीत स्फोट होतो. याला ना सुधारणा म्हणता येईल ना कसब. रुग्णालयाबाहेर तो आवाज करणाऱ्याबद्दल कसलीही सहानुभूती बाळगण्याचे कारण नाही.

आवाजाचे मोजमाप फसवे असते, म्हणून तेही स्पष्ट लिहायला हवे. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला ८० डेसिबलची मर्यादा आहे. ८० ते १७५ सीसीसाठी ती ७७ आहे. ही मोजणी गाडी वेग घेत समोरून जाताना, ७.५ मीटर अंतरावरून होते. १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट. ९० डेसिबलची एक गाडी गल्लीतून जाते तेव्हा ८० डेसिबलच्या १० गाड्या एकदम गेल्यासारखे असते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पेठांमधल्या समोरासमोरच्या भिंतींच्या गल्लीत त्या आकड्याला काय अर्थ उरतो, हे तिथले आजारी आणि म्हातारे लोक सांगू शकतील.

कायदा कडक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या प्रकरणात हे कलम काटेकोरपणे वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले. अनधिकृत बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आवाज आणि प्रदूषणाचे मानक मोडल्यास कलम १९०(२) वेगळे. पुणे, नागपूर अशा शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवला, त्याची छायाचित्रे छापून आली. पण दुसऱ्या दिवशी तसाच सायलेन्सर दुकानात पुन्हा मिळतो. खोक्यावर ‘फक्त रेसिंगसाठी’ असे छापलेले असते आणि गिऱ्हाईक तो बसवून थेट घरी जातो.

चौकात उभ्या पोलिसाकडे कान असतात, आकडा नसतो. खरी अडचण इथे आहे आणि ती आपल्या अखत्यारीतली आहे. नव्या गाडीच्या फॉर्म २२ वर निर्माता आवाजाचा आकडा लिहितो, पण तो धावत्या गाडीचा. रस्त्याच्या कडेला ७.५ मीटर मोकळी जागा, ठराविक वेग आणि शांत परिसर कुठून आणायचा? त्यामुळे सगळे हवालदाराच्या अंदाजावर चालते. कंपनीने दिलेला भारदस्त आवाजाचा सायलेन्सरही कधी अडवला जातो आणि कधी कापलेला सायलेन्सर सुटतो.

उपाय अज्ञात नाही. गाडी उभी ठेवायची, माइक सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर ४५ अंशांत धरायचा, इंजिन ठरलेल्या फेऱ्यांवर न्यायचे आणि आकडा वाचायचा. उभ्या वाहनाच्या आवाजासाठी भारतीय मानकही आहे, आयएस १०३९९. अर्ध्या मीटरवर आवाज इतका मोठा असतो की शेजारच्या रहदारीचा गोंगाट मोजणीत फारसा अडथळा आणत नाही. युरोपात मोटारसायकलच्या नोंदणीपत्रात उभ्या गाडीचा आवाज यू-१ या रकान्यात असतो आणि ज्या फेऱ्यांवर मोजला त्या यू-२ मध्ये. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात २०२० च्या उन्हाळ्यात रॉयटे जिल्ह्यातल्या काही घाटरस्त्यांवर ९५ डेसिबलच्या वरच्या मोटारसायकलींना बंदी घातली गेली, ती याच कागदावरच्या आकड्यावरून. बदली सायलेन्सरसाठी तिकडे संयुक्त राष्ट्रांचे ९२ क्रमांकाचे विनियम आहेत. मान्यताप्राप्त सायलेन्सरवर ई अक्षराची खूण कोरलेली असते. हौस पुरवायची सोय आहे आणि शेजाऱ्याची झोपही वाचते.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना ही पद्धत तोंडपाठ आहे. पुण्या-मुंबईतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ कोइम्बतूरला फॉर्म्युला भारत स्पर्धेला जातात, तेव्हा त्यांची गाडी अर्ध्या मीटरवरच्या माइकसमोर उभी राहते. मर्यादेच्या वर गेली की ट्रॅकवर सोडत नाहीत. मुले तिथेच बसून ग्लासवूल पुन्हा भरतात, नळी बदलतात, परत रांगेत लागतात. आवाज कमी ठेवून ताकद राखण्याचे शिक्षण याहून चांगले कुठे मिळणार?

म्हणून आपल्याकडे मागणे तीन गोष्टींचे आहे. दुचाकीच्या बदली सायलेन्सरवर दुकानात उभ्या गिऱ्हाइकाला दिसेल आणि हवालदाराला वाचता येईल अशी एक खूण यावी, जशी हेल्मेटवर आयएसआयची असते. त्या मानकात कन्व्हर्टर काढता येणार नाही आणि कप्पे सुटे करता येणार नाहीत, ही अट असावी. सीएनजी किटची तपासणी होऊन रेट्रोफिटला रीतसर वाट मिळाली, तशीच वाट छोट्या कार्यशाळेच्या खिशाला परवडेल अशा शुल्कात सायलेन्सरला मिळावी. दुसरे, उभ्या गाडीचा आवाज आणि त्या वेळच्या इंजिनाच्या फेऱ्या आरसीवर छापण्याची शिफारस केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाला करावी. तिसरे, पीयूसी. आज पीयूसी केंद्रावर आयडलला धूर तपासतात, आवाज कोणी विचारतही नाही. तिथेच एक प्रमाणित ध्वनिमापक आणि अर्ध्या मीटरची एक काठी ठेवली, तर दर तपासणीला कापलेला सायलेन्सर पकडला जाईल. काही निवडक केंद्रांवर प्रयोग करून त्याचे निकाल जाहीर करावेत.

आणखी एक गोष्ट, जी मानकात बसत नाही. वर्षातून एखाद्या रविवारी आपल्या आवारात उद्यमनगरातल्या आणि नाना पेठेतल्या फिटरांना बोलवावे. त्यांनी केलेला सायलेन्सर गाडीवर चढवून डायनोवर फिरवून दाखवावा, शेजारी कंपनीचा मूळ सायलेन्सर ठेवून. टॉर्कची रेषा खालच्या फेऱ्यांत कुठे बसते आणि ध्वनिमापकाचा आकडा कुठे चढतो, ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्यावे. त्यांच्यातल्या काहींना मान्यताप्राप्त सायलेन्सर बनवायचा असेल, तर अर्ज कुठे करायचा आणि नमुने किती द्यायचे, हे त्याच दिवशी मराठीत छापून हातात द्यावे.

कळावे.