सायकल की पायपीट: प्रश्न छेदाचा आहे

डोंगरवाटेवर सायकल चालवणे अधिक धोक्याचे की पायी चालणे, या प्रश्नावर समाजमाध्यमांत अधूनमधून वाद झडतो. दोन्ही बाजू आकडे फेकतात, परंतु त्या आकड्यांच्या छेदस्थानी काय आहे हे क्वचितच कोणी विचारते. दर तासामागे धोका मोजला की एक उत्तर येते, दर किलोमीटरमागे मोजला की दुसरे, आणि दोन्ही खरी असतात.

अपघातापुरते बोलायचे तर भौतिकशास्त्राचा कौल स्पष्ट आहे. ताशी २५ किलोमीटर वेगाने उताराला लागलेला सायकलस्वार थेट आदळला, तर तो आघात सुमारे अडीच मीटर उंचीवरून पडण्याइतका असतो. ताशी ५ किलोमीटरने चालणाऱ्याच्या वेगाचे हेच गणित जेमतेम १० सेंटिमीटर भरते. (कड्याच्या टोकाशी पाय घसरला तर हा हिशेब लागू नाही, तिथे वेगाचा नव्हे, दरीच्या खोलीचा प्रश्न असतो.) हेल्मेटचा आग्रह धरण्यास एवढे पुरेसे आहे. दिल्लीच्या उत्तरेला सुमारे ९० किलोमीटरवर असलेल्या पानिपतमध्ये मात्र हाच प्रश्न निराळे रूप घेतो. तेथे डोंगर नाही आणि दरीही नाही. तेथला धोका हवेत आहे.

विश्रांत अवस्थेत माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. भरभर चालताना हे प्रमाण २५ लिटरांच्या आसपास जाते, सायकलवर ५० लिटरांच्या आसपास. हिवाळ्यात राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात पीएम २.५ कणांचे प्रमाण घनमीटरला १५० मायक्रोग्रॅम असणे ही नवलाची गोष्ट नाही. भारताचे चोवीस तासांचे मानक ६० आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा १५. अशा हवेत तासभर चालणारा सुमारे २२५ मायक्रोग्रॅम कण ओढून घेतो, तासभर सायकल चालवणारा ४५०. शिवाय जोरात पॅडल मारणारा तोंडाने श्वास घेतो, म्हणजे नाकाची गाळणीही निकामी होते.

येथवर सायकल हरली असे वाटेल. आता छेद बदलून पाहावा. पानिपत हे विणकामाचे, चादरी-कांबळ्यांचे आणि जुन्या कपड्यांपासून पुन्हा सूत काढण्याचे शहर आहे. तेथल्या एखाद्या कामगाराला कारखान्यापर्यंत ६ किलोमीटर जायचे आहे असे धरू. पायी ७२ मिनिटे लागतील आणि १.८ घनमीटर हवा लागेल. सायकलने २४ मिनिटे, १.२ घनमीटर. वाचलेली ४८ मिनिटे तो स्वस्थ बसला, तरी तीच हवा श्वासात जाणार. ती धरूनही एकूण १.६ घनमीटरच्या आतच राहते. म्हणजे ठरलेले अंतर गाठायचे असेल तर सायकल सरस आणि ठरलेला वेळ व्यायाम करायचा असेल तर चालणे सरस. हौसेने फिरणाऱ्याचा छेद वेळ आहे, पोटासाठी जाणाऱ्याचा अंतर. पहिल्यासाठी लिहिलेला सल्ला दुसऱ्याच्या गळ्यात बांधणे अन्यायाचे आहे.

या विषयावरचा एक अभ्यास केम्ब्रिज विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याची बातमी बहुधा अर्धीच सांगितली जाते. व्यायामाचा लाभ आरंभी झपाट्याने वाढतो व पुढे मंदावतो. प्रदूषणाची हानी मात्र मात्रेबरोबर सरळ रेषेत चढते असे त्यांनी गृहीत धरले. या दोन रेषा कोठे छेदतात? प्रदूषण १०० मायक्रोग्रॅम असेल तर रोज दीड तास सायकल चालवल्यावर हानी लाभाहून जड होते. चालण्याच्या बाबतीत त्यासाठी दहा तासांहून अधिक लागतात. दिल्लीसाठी त्यांनी १५३ हा आकडा घेतला. तेथे सायकलची पहिली ३० मिनिटे लाभाची, पुढे भर पडत नाही, आणि ४५ मिनिटांनंतर हिशेब तोट्यात जातो. हे आकडे वर्षानुवर्षांच्या सरासरी हवेतील मृत्यूच्या जोखमीचे आहेत. जानेवारीतल्या एखाद्या सकाळी दमेकऱ्याचे काय होईल, हे त्यांतून काढता येत नाही.

त्या सकाळीबद्दल अधिक बोलायला हवे. ‘पहाटेची शुद्ध हवा’ हा मराठी घरांतला संस्कार सह्याद्रीत ठीक आहे. उत्तरेच्या मैदानात हिवाळ्यात तो उलटा पडतो. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा जड होऊन तळाशी बसते आणि वरचा उबदार थर झाकणासारखा काम करतो. धूर वर चढू शकत नाही. ऊन तापल्यावर झाकण उचलले जाते, म्हणून दुपारची हवा पहाटेपेक्षा पुष्कळदा बरी असते. दरवर्षी १४ जानेवारीला काला आंब येथे १७६१ च्या रणसंग्रामाचे स्मरण करायला मराठी माणसे जमतात, ती याच दिवसांत. त्यांच्यापैकी कोणाला तेथे पहाटे धावायची हौस असेल तर ती दुपारपर्यंत आवरावी.

जाता जाता एक गोष्ट. सपाट पानिपतातही तरुणांना जाड, दातेरी टायरांची ‘एमटीबी’ सायकल हवी असते. डांबरी रस्त्यावर असे टायर अधिक ऊर्जा खातात. तेवढ्याच अंतराला अधिक श्वास खर्च होतात. दिखाऊपणाची किंमत फुप्फुसे मोजतात.

हवेचा निर्देशांक येथे कितपत मदत करतो? रोज जाहीर होणारा एक्यूआय चोवीस तासांच्या सरासरीवर बेतलेला असतो, त्यामुळे पहाटेचा उंचवटा त्यात विरून जातो. सायकल केव्हा काढावी हे ठरवायला तासागणिक आकडा ठळकपणे दिसला पाहिजे. आणि प्रदूषणाचे निर्बंध लागू होताच शाळांचे मैदानी खेळ थांबवता येतात, सरकारी कचेऱ्यांच्या वेळा बदलता येतात, तर कारखान्याची सकाळची पाळीही त्या काही आठवड्यांपुरती दोन-तीन तास पुढे ढकलता येईल.