इक्रितचं चर्च आणि नाबोथाचा मळा



पवित्र भूमीची बातमी आली की आपल्यातले काहीजण लगेच म्हणतात, "देवानं ती भूमी इस्राएलला दिली, विषय संपला." मला तसं म्हणवत नाही. मला इक्रित आठवतं.

इक्रित हे उत्तर गालीलातलं अरब ख्रिस्ती गाव. नोव्हेंबर १९४८ मध्ये इस्रायली सैन्यानं गावकऱ्यांना दोन आठवड्यांपुरतं म्हणून बाहेर काढलं आणि परत येऊच दिलं नाही. ते न्यायालयात गेले. जुलै १९५१ मध्ये इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. त्याच वर्षी नाताळच्या सुमारास सैन्यानं त्यांची घरं पाडली. चर्च तेवढं उरलं. त्यांचे वंशज प्रार्थनेला तिथंच येतात आणि आपल्या मृतांना तिथंच माती देतात.

ज्यूंचं दुःखही खोटं नाही. युरोपात साठ लाख ज्यू मारले गेले. अरब देशांतूनही लाखोंना घरदार सोडावं लागलं. त्यांना सुरक्षित छप्पर हवंच. पण एकाच्या जखमेवर दुसऱ्याचं घर हा उतारा नव्हे.

नाबोथाचा मळा आठवा. अहाब इस्राएलचाच राजा होता, तरी देवानं एलियाला त्याला जाब विचारायला पाठवलं. वचन मिळालेल्यांनाही शेजाऱ्याचा मळा बळकावण्याची मुभा नव्हती. भूमी देवाची; आपण सारे तिच्यावर पाहुणे.

आज रात्री घरच्या प्रार्थनेत दोन्हीकडच्या आयांची आठवण करू या. आणि इक्रितचं नावही घेऊ या.