आधी समुद्र, मग एसटी

१ जुलै २०२० ला आषाढी एकादशी होती. पायी वारी रद्द झाली होती. मानाच्या पालख्या एसटीत बसवून, मोजक्या माणसांसोबत पंढरपूरला नेल्या आणि पंढरपुरात संचारबंदी होती. आमच्या हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं गाव. इथल्या वारकऱ्यांनी त्या वर्षी घरातल्या फोटोपुढं डोकं टेकलं आणि एकादशी सोडली. दुसऱ्या दिवशी, २ जुलैला, गोवा पर्यटकांसाठी उघडला. सुमारे अडीचशे हॉटेलांना परवानगी मिळाली. ४८ तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट दाखवा, नाहीतर पोचल्यावर टेस्ट करा आणि या आत.

वारी थांबवली ते बरोबरच केलं. लाखोंच्या गर्दीत तो आजार काय करू शकला असता हे सांगायला डॉक्टर लागत नाही. देवळं आधी उघडायला हवी होती असंही मला म्हणायचं नाही. माझं भांडण रांगेशी आहे. लॉकडाऊन एका दिवशी उठला नाही, तो तुकड्यातुकड्यानं उठला. कुठला तुकडा कधी उठवायचा हे कुणीतरी टेबलावर बसून ठरवलं. त्या रांगेत समुद्रकिनाऱ्यावरचं हॉटेल एसटी स्टँडच्या पुढं उभं होतं.

तारखा एकाखाली एक मांडून बघा. २५ मे २०२०, देशातली विमानं सुरू. २ जुलै, गोवा सुरू. ८ जुलै, महाराष्ट्रात कंटेनमेंट झोनच्या बाहेर हॉटेल आणि लॉज ३३ टक्के क्षमतेनं सुरू. २० ऑगस्ट, एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाणारी एसटी सुरू. २ सप्टेंबर, खासगी गाड्यांचा ई-पास रद्द. मुंबईची लोकल सर्वसामान्य माणसाला मिळाली १ फेब्रुवारी २०२१ ला, तीसुद्धा ठरावीक वेळांत. विमान आणि लाल डबा यांच्यात ८७ दिवस. हॉटेलातली खोली आणि लाल डबा यांच्यात ४३ दिवस.

हे ४३ दिवस पुण्यातून कसे दिसत होते मला माहीत नाही. मी तेव्हा वसमतला होतो, घरून काम करत होतो. वसमतहून नांदेड चाळीसेक किलोमीटर. आमच्याकडं दुखणं जरा मोठं झालं की माणूस नांदेडलाच जातो. पण नांदेड दुसऱ्या जिल्ह्यात. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात एसटी मेअखेरीस निम्म्या सीटांवर सुरू झाली होती, पण ती जिल्ह्याच्या हद्दीपर्यंतच. आमच्या गल्लीतल्या एका काकूंचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असायचं. पास मिळाला, कारण कारण खरं होतं. पण पासवर माणूस बसून जाऊ शकत नाही, त्याला गाडी लागते. दर खेपेला जीपवाल्याला दीड हजार. आधी एसटीनं दोघांचं जाणं-येणं दोनशेच्या आत व्हायचं. काकांनी घरात साठवलेली हळद पडत्या भावात विकली. त्याच महिन्यात आमच्या टीमच्या एका मीटिंगमध्ये एकाच्या मागं खराखुरा समुद्र होता. 'बॅकग्राउंड भारी आहे', कुणीतरी म्हणालं. 'बॅकग्राउंड नाहीये, खरंच आलोय', तो म्हणाला. सगळ्यांनी थम्ब्स-अप टाकले.

त्या पोराचा मला राग नाही. दिवसाला बारा तास काम करून तो खरंच वैतागला होता आणि परवानगी घेऊनच गेला होता. राग परवानगीच्या क्रमाचा आहे.

आता यावर जे बोललं जातं ते एकेक करून घेऊ, कारण यातलं काहीच अगदी खोटं नाही.

पहिलं म्हणणं विज्ञानाचं. रिकामं हॉटेल, उघडी हवा, एका खोलीत एकच कुटुंब. याउलट एसटी म्हणजे बंद डब्यात चाळीस माणसं. मग आधी काय उघडणार? मुद्दा बरोबर आहे. पण मग निम्म्या सीटांवरची एसटी जिल्ह्यात चालत होती, ती हद्दीच्या दगडापाशी येऊन धोकादायक का व्हायची? आणि विमान हाही बंद डबाच आहे. त्यात तर मधली सीटसुद्धा भरत होते. खरी गोष्ट हिशेबाची होती. निम्म्या सीटांवर एसटी चालवली की तोटा होतो आणि तो सरकारला सोसावा लागतो. ३३ टक्क्यांवर हॉटेल चालवण्याचा खर्च पाहुणा देतो. सुरक्षित अंतर दोन्हीकडं ठेवता येत होतं. एकीकडं त्याचे पैसे द्यायला गिऱ्हाईक होतं, दुसरीकडं नव्हतं, एवढाच फरक.

रिपोर्टाचंही तसंच. त्या जूनमध्ये राज्यानं खासगी लॅबमधल्या टेस्टचा दर कमी करून २२०० रुपये केला. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २३८ रुपये होती. म्हणजे 'मी धोकादायक नाही' हे सिद्ध करायला एका मजुराला नऊ दिवस खोदावं लागलं असतं. समुद्रावर जाणाऱ्याला तो खोलीच्या भाड्याचा एक किरकोळ भाग वाटला.

दुसरं म्हणणं रोजगाराचं, आणि हे सगळ्यात जड आहे. आम्ही गेलो नसतो तर वेटर, माळी, हाउसकीपिंगची माणसं उपाशी मेली असती, असं म्हणतात. हॉटेलं बंद पडल्यावर त्यांचे हाल झाले हे खरंच. पण मग ही दया तपासून घेऊ. हॉटेल उघडायला सरकारनं अटी घातल्या: थर्मल स्क्रीनिंग, सॅनिटायझर, क्यूआर कोडवरचा मेन्यू. बहुतेक अटी पाहुण्याला जपणाऱ्या. कामगार आजारी पडला तर पगारी रजा, बंद काळातल्या पगाराचा काही हिस्सा, कंत्राटी माणसाच्या दवाखान्याचा खर्च, हे त्या परवानगीला का जोडलं नाही? तेव्हा जोडणं सोपं होतं. हॉटेलवाले दारात उभे होते आणि किल्ली सरकारकडं होती. कामगारासाठी हॉटेल उघडलं असतं तर अटींच्या यादीत कामगाराची रजा आणि पगार कुठंतरी दिसला असता.

त्या काळातल्या जाहिराती आठवा. विकायला होतं काय? पोहण्याचा तलाव तर आधीही होता. नवं होतं ते 'कॉन्टॅक्टलेस'. चावी सीलबंद पाकिटात, जेवण दाराबाहेर, चादरी तुम्ही बाहेर पडल्यावर बदलणार, कुणाचा हात लागलेला दिसणार नाही. हात तर लागतच होता. चादर आपोआप धुतली जात नाही. फक्त तो हात नजरेआड करायचे जास्तीचे पैसे घेतले जात होते. सेवा हवी पण करणाऱ्याचा स्पर्श नको, ही कल्पना आपल्या देशाला शिकवावी लागत नाही. तिचा इतिहास आपल्याला चांगला माहीत आहे. यावेळी तिला इंग्रजी नाव आणि वैद्यकीय कारण मिळालं, म्हणून ती अभिमानानं छापता आली.

तिसरं म्हणणं थकव्याचं. 'आम्ही हे डिझर्व्ह करत होतो.' माझ्या पिढीचं हे आवडतं वाक्य. चार महिने चार भिंतींत, डोकं फुटायची वेळ आलेली. मान्य. मनाचा थकवा खरा असतो आणि त्याची चेष्टा मी करणार नाही. पण विश्रांती ही थकव्यानुसार वाटायची असेल तर यादी दुसरीच निघते. एप्रिलमध्ये साखर कारखान्यांवर लाखाहून जास्त ऊसतोड मजूर हंगाम संपूनही अडकले होते. १७ एप्रिलला सरकारनं त्यांना घरी जाऊ द्यायचं ठरवलं, तोवर ते पाचटाच्या खोप्यांतच होते. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्याच्या स्टील कारखान्यात कामाला होते आणि गावाकडची गाडी मिळेल म्हणून भुसावळकडं चालत निघाले होते. थकले होते म्हणून रुळांवरच आडवे झाले. त्यांच्या भाकरी रुळांवर पडलेल्या आपण सगळ्यांनी फोटोत बघितल्या. त्यानंतर आठ आठवड्यांत आपल्या फोनवर 'रिव्हेंज ट्रॅव्हल' हा शब्द आला. रिव्हेंज म्हणजे सूड. कुणावर उगवायचा होता?

एप्रिलमधली आणखी एक गोष्ट. वाधवान कुटुंब आणि सोबतची माणसं असे २३ जण कडक लॉकडाऊनमध्ये खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोचले. जवळ गृह विभागातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचं पत्र होतं. त्यात कौटुंबिक अडचणीचं कारण लिहिलेलं होतं. केवढी बोंब झाली. गुन्हा नोंदला गेला, अधिकाऱ्याला सक्तीच्या रजेवर पाठवलं. आपण सगळे चिडलो आणि ते योग्यच होतं. पण जुलैपासून जे झालं ते काही फार वेगळं नव्हतं. श्रीमंत घराला जे पत्र लागलं, ते पुढं मध्यमवर्गाला क्रेडिट कार्डावर मिळू लागलं. आता कुणी चिडायला उरलं नाही, कारण चिडणारे चेक-इन करत होते.

पुढं काय झालं? मे २०२१ मध्ये गोवा मेडिकल कॉलेजात ऑक्सिजनच्या पुरवठ्यावरून हाहाकार उडाला. ११ मेला पहाटेच्या चार तासांत तिथं २६ रुग्ण दगावल्याचं आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनीच सांगितलं. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाला मध्ये पडावं लागलं. त्या लाटेचं सगळं खापर पर्यटकांवर फोडणं चुकीचं ठरेल. ती लाट सगळ्या देशात होती. पण खाट मिळेना तेव्हा पाहुण्याकडं परतीचं तिकीट होतं. चादरी बदलणाऱ्याकडं तेच हॉस्पिटल होतं.

समुद्रावर कुणी जाऊच नये असं मला म्हणायचं नाही. वसमतपासून समुद्र पाचशे किलोमीटरच्या पुढं आहे. इथल्या कित्येक माणसांनी तो सिनेमातच बघितलाय. त्यांनाही तो बघायला मिळावा, उन्हात पाय ओले करून परत यावं, असंच मला वाटतं. पण पुन्हा कधी सगळं बंद करायची वेळ आली, आणि ती येईल, तेव्हा उघडण्याचा क्रम आधीच लिहून जाहीर केलेला असावा. आमच्या कामात सर्व्हर बंद पडला तर आधी काय चालू करायचं याची यादी शांत काळात बनवतात. गडबडीत बनवली की ज्याचा आवाज मोठा त्याचं काम आधी होतं. ही यादीही तशीच शांतपणे बनवता येते. पहिली दवाखान्याची वाट, म्हणजे जिल्हा ओलांडणारी एसटी, निम्म्या सीटांवर आणि तोटा सरकारच्या खात्यावर. मग मजुराला घरी नेणारी गाडी, तो चालायला लागायच्या आधी. मग बाजार, मोंढा, शाळा. हॉटेलं नंतर, आणि कामगारांच्या पगारी रजेची अट मान्य केल्यावरच.

ही यादी मागणं हे काम आपलं आहे, ज्यांच्याकडं आवाज आहे, इंटरनेट आहे आणि घरून चालणारी नोकरी आहे त्यांचं. आपण मागितली नाही तर पुढच्या वेळीही आपलाच नंबर आधी लागेल, आणि वसमतच्या स्टँडवर नांदेडच्या गाडीची वाट बघणारं माणूस पुन्हा जीपवाल्याला फोन लावेल.